उजेडानं चिकटवलेले मणी

त्या जूनच्या आत पाच मणी एकमेकांना चिकटले नाहीत, तर माझ्या नवऱ्याला कॉलेजातून नारळ मिळणार होता. नव्या शतकाची पहिली काही वर्षं होती ती. बीडमध्ये कुत्र्याच्या छत्र्यांसारखी कॉलेजं उगवत होती आणि त्यातल्या एकात तो फिजिक्स शिकवायचा, पण कायम नव्हता. दर जूनला नवी ऑर्डर, दर मे महिन्यात रामराम. त्या वर्षी संस्थेच्या अध्यक्षांनी सांगून टाकलं की एक जागा कायमची भरणार, पण पीएचडीचा प्रबंध सादर केलेल्या माणसानंच. बाकीच्यांनी आपापला रस्ता धरावा. त्याचा प्रबंध लिहून झाला होता, शेवटचं प्रकरण सोडून. त्या प्रकरणावर औरंगाबादचे त्याचे गाईड अडून बसले होते. पाच मण्यांची माळ करा, उजेड बंद केल्यावरही ती तशीच राहते हे कॅसेटवर दाखवा, मग सही करतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणणं बरोबर होतं, म्हणून तर राग कुणावर काढावा ते मला कळत नव्हतं.

मणी म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर लोकांना वाटतं मी मंगळसूत्राबद्दल बोलतेय. रक्त तपासायच्या लॅबमध्ये संधिवात बघायला एक दुधासारखं औषध असतं. ते दूध म्हणजे पाण्यात सोडलेले प्लास्टिकचे बारीक गोळे. इतके बारीक, की केसाच्या जाडीत एका ओळीत शंभर तरी बसतील. रक्तात दोष असला की ते गोळे एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि डॉक्टरला कळतं की रोग आहे. तारीख उलटून गेलेल्या बाटल्या लॅबवाले फेकून द्यायचे, त्या हा घेऊन यायचा. माझ्या फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी त्या बाटल्या असत. पाहुण्यांना फ्रिज उघडू द्यायचा नाही, हा नियम मी तेव्हापासून केला.

त्याला करायचं होतं ते असं. पाण्यातला एक मणी उजेडानं पकडायचा, ओढत नेऊन दुसऱ्याच्या शेजारी ठेवायचा आणि मग दुसऱ्या उजेडानं दोघांना चिकटवायचं. चिमटा उजेडाचा, डिंकही उजेडावर वाळणारा. परदेशात हे करतात, मोठमोठ्या प्रयोगशाळांत, आणि तिथलं टेबलसुद्धा आमच्या घरापेक्षा महाग असतं, असं तोच सांगायचा. हे सांगताना त्याला वाईट वाटायचं नाही, उलट चेव यायचा. मी तेव्हा मुलींच्या शाळेत गणित शिकवत होते. मला गणितात पटायचं, पण मनाला पटायचं नाही. उजेड तापवतो, जाळतो, कपड्याचा रंग उडवतो, पण ओढतो कसा?

माझे सासरे तर तोंडावरच हसायचे. त्यांचं कापडाचं दुकान होतं. मुलगा गादीवर बसला नाही याचं दुःख त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, थट्टा करून दाखवलं. एकदा ओट्यावर चहा घेता घेता ते मला म्हणाले, "सूनबाई, सकाळपास्नं एवढं ऊन पडलंय अंगनात. एक काडी तरी हाललेली दिसती का तुला?"

आतून हा म्हणाला, "ऊन पसरलेलं असतंय, अप्पा. सगळा उजेड एका टिंबात आनला की वढतो."

"वढ बाबा. काय दिवे लावायचे ते लाव," असं म्हणून ते दुकानात गेले.

पण दिवे त्यानं लावले. हे त्याच्या नावावर मला मांडायचंच आहे. सुभाष रोडच्या नेट कॅफेत एक सीडी रायटर जळून पडला होता. त्यातला सीडी लिहिणारा लेझर मात्र जिवंत होता. तो काढून यानं एका पितळी नळीत बसवला. हा लेझर मोठा ताकदीचा, पण दिसायचा अगदी मलूल, देवघरातल्या झिरोच्या बल्बापेक्षाही मंद लाल. बाकीचा उजेड असतो, फक्त आपल्या डोळ्याला दिसत नाही, असं त्यानंच मला समजावून सांगितलं होतं. मायक्रोस्कोप कॉलेजातला, जुना, एका डोळ्यानं बघायचा; ती नळी त्याला जोडली की त्याचं भिंग सगळा लाल उजेड थेंबातल्या एका टिंबात आणायचं. तो मधल्या खोलीत टेबलावर ठेवला आणि टेबलाच्या पायांखाली हवा भरलेल्या स्कूटरच्या ट्यूबा, कारण एवढासा हादरा बसला तरी मणी हातचा जायचा.

हादऱ्यांचं म्हणाल तर आमच्या भिंतीला भिंत लावून पिठाची गिरणी होती. गिरणी सुरू झाली की आमच्या मांडणीवरचे पेले वाजायचे. तिथं या मण्यांचं काय. त्यामुळे झालं असं, की सगळं बीड ज्या लोडशेडिंगला शिव्या घालत होतं, त्याची आमच्या घरात वाट बघितली जायची. दुपारी लाईट गेली, गिरणी थांबली, की हा उठायचा. लेझर बॅटरीवर आणि टीव्ही इन्व्हर्टरवर. खिडकीला काळं कापड लावायचं. ते कापड द्यायला सासरे कुरकुरले होते. काळं कापड घरात टांगणं बरं नाही म्हणाले, पण चांगलं घट्ट विणीचं दिलं.

टीव्हीचं कारण व्हिडिओवाले भाई. ते आमच्या गल्लीत राहायचे आणि लग्नाच्या कॅसेटी काढायचे. लग्नं नसतील त्या महिन्यांत त्यांचा कॅमेरा रिकामा असे, तो ते द्यायचे. पीव्हीसी पाईपच्या तुकड्यानं कॅमेरा मायक्रोस्कोपच्या डोळ्यावर बसवला आणि वायर टीव्हीला जोडली. मी पहिल्यांदा बघितलं ते थंडीच्या दिवसांत. शाळेतून आले तर हा म्हणाला, "बस. काही बोलू नगं."

पडद्यावर राखाडी पाणी होतं आणि त्यात मणी थुईथुई हलत होते. ते कधीच स्थिर नसतात. पाणी त्यांना सारखं ढकलत असतं. मग यानं मायक्रोस्कोपची एक चकती जराशी फिरवली. कुठूनसा एक मणी जवळ आला आणि पडद्याच्या मधोमध एकदम गप्प उभा राहिला. बाकीचे हलत होते, तो नाही. जत्रेत सैरावैरा पळणाऱ्या पोराचं बखोट कुणी धरावं तसं झालं. यानं थेंबाखालची काच सरकवली तर सगळं जग सरकलं आणि मणी जागच्या जागी. मग लेझर बंद केला, आणि मणी निघून गेला.

माझ्या डोळ्यात पाणी आलं. अभिमान होताच, पण खरं सांगायचं तर हेवाही वाटला. माझ्याकडं त्यानं इतका वेळ टक लावून कधी बघितलं नव्हतं.

पकडणं जमलं, चिकटवणं राहिलं. ते सुचलं दातांच्या दवाखान्यात. माझी दाढ भरताना डॉक्टरांनी आधी तिच्यावर एक पातळसं औषध लावलं आणि पिस्तुलासारख्या यंत्रातून निळा उजेड सोडला. औषध तिथल्या तिथं घट्ट. मी तोंड वासून पडलेली, आणि हा दारातून डॉक्टरांना विचारतोय की हे औषध पाण्यात मिसळतं का. डॉक्टर तरुण होते, गेवराईकडचे. त्यांना याचं कौतुक वाटलं. त्यांनी नवीन यंत्र घेतलं तेव्हा जुनं याला देऊन टाकलं, आणि तारीख जवळ आलेल्या औषधाच्या कुप्याही. देताना म्हणाले, "सर, ह्याच्याकडं उघड्या डोळ्यानं बघायचं न्हाई. पेशंटलासुद्धा आमी डोळे मिटायला सांगतो." यंत्राच्या टोकाला एक नारिंगी काच होती, तिच्याआडून बघायचं असतं.

"मी कशाला बघतोय? कॅमेरा बघनार हाय," हा म्हणाला. तेव्हा ते खरंच होतं.

मायक्रोस्कोपच्या खाली आरसा असतो, तो काढून तिथं यानं त्या यंत्राचं टोक बसवलं. नारिंगी काच आड येत होती, ती काढून टाकली. म्हणजे निळा उजेड खालून सरळ वर, काचेवरच्या थेंबातून, भिंगांतून. थेंबात मणी आणि दाताचं औषध. एक मणी काचेला आधीच चिकटलेला असायचा. दुसरा लाल उजेडात धरून त्याच्या शेजारी आणायचा आणि निळा सोडायचा. औषध जास्त झालं की सगळ्या थेंबाचा वाळलेल्या डिंकासारखा गोळा व्हायचा. कमी झालं की लेझर बंद करताच मणी सुटून जायचा. जमवायचं होतं ते प्रमाण, आणि निळा उजेड किती वेळ सोडायचा ते. स्वयंपाकात जसा मिठाचा अंदाज यावा लागतो तसाच हा अंदाज होता, आणि तो सांगून येत नाही.

होळीच्या सुमाराला दोन मणी चिकटले. मग लगेच सुटले. मग परत चिकटले. हा घरभर फिरत राहिला. आणि नेमकी लग्नसराई आली.

भाई स्वतः सांगायला आले. बिचारे दारातच उभे राहिले. "सर, आता कॅमेरा न्हाई भेटायचा. तारखा सगळ्या भरल्यात. वडवणीला दोन, माजलगावला तीन. लोकं ॲडव्हान्स देऊन गेलेत."

"मधी एखादा दिवस?"

"बिनमुहूर्ताचा एक दिवस मे एंडला हाय. त्या दिवशी आनून देतो. जबान देतो."

त्यांचा काय दोष? लग्नाच्या सीझनवर त्यांचं वर्ष चालायचं. यानं त्यांना बसवून सरबत दिलं. मग माझ्याकडं वळून म्हणाला, की बरंच झालं. तोवर प्रमाण पक्कं करून ठेवू. कॅमेरा एकच दिवस मिळणार तर त्या दिवशी चुकायला नको. सराव करायला कॅमेरा कशाला पाहिजे, डोळा आहे की.

तेव्हापासून तो डोळ्यानं बघायला लागला.

मी विचारलं होतं. मी विचारलं नाही असं कुणी समजू नये. मी म्हणाले, "अहो, डॉक्टर काय म्हणाले होते?" तर म्हणाला, "दिव्याकडं बघायचं न्हाई म्हनले. मी दिव्याकडं कुठं बघतोय? मी मन्याकडं बघतोय." आणि लाल? "त्याला उजेड तरी म्हनावं का? झिरोच्या बल्बाएवढा न्हाई." फिजिक्सचा माणूस! ज्यानं मला सांगितलं की उजेड असतो पण दिसत नाही, त्याच माणसानं, दिसत नाही म्हणून तो नाही असं धरलं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर यानंच त्याला मूर्खात काढलं असतं. पण जून जवळ आला होता. गरजवंताला अक्कल नसते.

एप्रिलमध्ये लोडशेडिंग वाढलं. लोक ओसरीवर ओला पंचा पांघरून पडलेले असत आणि हा काळ्या कापडाच्या आत घामानं निथळत बसलेला. थेंब वाळायचा, पुन्हा नवा थेंब. चिकटवायच्या क्षणी बघणं भागच होतं, कारण मणी त्याच क्षणी निसटायचा. तो निळ्यात बघत राहायचा आणि चकती धरून ठेवायचा. तीन मणी चिकटले. मग चार. चार झाले त्या दिवशी त्यानं मला बाजारातून आंबे आणायला लावले.

त्यानंतर कधीतरी मायक्रोस्कोपात कचरा दिसायला लागला. मधोमध एक डाग. हा स्पिरिट लावून भिंग पुसायचा. पुन्हा बघायचा, डाग तिथंच. सगळी भिंगं सुटी केली, मलमलच्या चिंध्यांनी एकेक पुसलं. माझ्यावर वैतागला, फोडणीचा धूर बसतो म्हणून. मी स्वयंपाकघराचं दार लावून फोडण्या घालायला लागले. मग त्याला सुचलं म्हणून त्यानं डावा डोळा लावून बघितला, तर डाग नाही. एकदम साफ.

"उजवा थकलाय," म्हणाला. "लई ताण दिला त्याला. आता काही दिवस डावा."

दुखत नव्हतं. लाल नव्हता. पाणी नाही, खाज नाही. दुखलं असतं तर कदाचित थांबला असता. रस्त्यावरून चालताना एक डोळा दुसऱ्याची उणीव भरून काढतो, म्हणून तेही कळलं नाही. आणि मग तो डाव्यानं बघत राहिला, तितकाच वेळ, तितक्याच निळ्यात. या एका गोष्टीवर माझं मन अजून अडकतं. एक डोळा गेला तरी माणूस जगतो. किती लोक जगतात.

मेचे दिवस होते. मी शाळेच्या निकालाच्या कामाहून आले, हातपाय धुतले, केस सारखे केले आणि चहा घेऊन मधल्या खोलीत गेले. त्यानं वर बघितलं. माझ्याकडं, म्हणजे माझ्या कपाळाकडं बघितलं आणि दचकला.

"कपाळ मोकळं कावून ठिवलंस?"

मी हात लावला. कुंकू होतं. ओलं होतं, बोटाला लागलं. मला वाटलं थट्टा करतोय, आणि ही कसली अभद्र थट्टा म्हणून मी चिडले. बोट त्याच्यापुढं धरलं. तो बोटाकडं बघायला लागला आणि मान हळूहळू बाजूला वळवत गेला. कोंबडी दाणा बघताना वळवते तशी. मग म्हणाला, "आता दिसलं." आणि परत समोर बघितलं. "आता न्हाई."

मी चहा खाली ठेवला. उजवा डोळा झाकायला सांगितला. मग डावा. दोन्ही वेळेला त्याला माझ्या कानातलं दिसत होतं, खांद्यावरचा पदर दिसत होता, मागची भिंत, भिंतीवरची पाल दिसत होती. माझं तोंड दिसत नव्हतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी औषध घालून बाहुल्या मोठ्या केल्या आणि आत बघितलं. बघतच राहिले. मग विचारलं, "ग्रहण बघितलं होतं का उघड्या डोळ्यांनी?" यानं सगळं सांगितलं, लाल, निळं, मणी. डॉक्टरांनी खुर्ची मागे सरकवली. दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांवर बरोबर मध्यभागी भाजल्यासारखे डाग होते. लालनं केलं की निळ्यानं, ते सांगता येणार नाही, असं ते म्हणाले. बहुतेक दोन्हींनी मिळून. डोळ्याचा तेवढाच भाग वाचतो, चेहरे ओळखतो, सुईत दोरा ओवतो. बाकीचा भाग चालायला फिरायला पुरतो. औषध नाही. ऑपरेशन नाही. वाढणार नाही, एवढं मात्र त्यांनी दोनदा सांगितलं, जणू काही पेढेच देत होते.

 घरी आल्यावर मी बोलले, आणि काय काय बोलले ते सगळं इथं लिहीत नाही. ते टेबल उचलून रस्त्यावर फेकते म्हणाले. सासरे आले होते, ते ओट्यावर डोक्याला हात लावून बसले होते आणि त्या दिवशी त्यांनी थट्टा केली नाही. सगळं ऐकून घेतल्यावर हा एवढंच म्हणाला, "आता सोडलं तर दोन्ही गेलं. डोळे बी आन् काम बी."

टेबल मी फेकलं नाही. 

भाईंनी जबान पाळली. बिनमुहूर्ताच्या दिवशी सकाळीच कॅमेरा आणून दिला. याच्याकडं बघितलं, याच्या तिरप्या नजरेकडं, आणि वायर स्वतःच टीव्हीला जोडून देऊन गेले. आता खबरदारी सगळी घेतली होती. कुणीही भिंगाला डोळा लावायचा नाही, मायक्रोस्कोपच्या डोळ्यावर कॅमेरा घट्ट बांधलेला, निळ्या यंत्राभोवती कापड गुंडाळलेलं. बैल गेला नि झोपा केला. दुपारी लाईट गेली, गिरणी थांबली. सासरे कॉटवर बसले. त्यानं चकत्यांवर बोटं ठेवली आणि मी टीव्हीच्या पुढ्यात बसले.

"सांग."

मी सांगायला लागले. डावीकडं. अजून. थांबा. खाली, थोडंसं. आला, उजेडात आला. आता उजवीकडं, अगदी सावकाश. चिकटलेल्या मण्यापासून एक मणी मावेल एवढं अंतर आहे. आता अर्धा. आता पाव. टेकला. "सोडा निळा." पडदा निळा-पांढरा झाला, मी डोळे मिटले, यंत्रानं पीक पीक केलं. डोळे उघडले तर दोन मणी शेजारी शेजारी. "लाल बंद करू?" "करा." मणी हलला नाही.

प्रमाण अचूक होतं. कप्पाळ माझं, इतकं अचूक! त्यानं त्या दोन महिन्यांत जे शोधलं होतं त्यात एकदाही चूक निघाली नाही. तिसरा बसला. चौथा निसटला, त्याच्या जागी दुसरा पकडला, तो बसला. पाचव्याला फार वेळ लागला. सासरे मधून मधून हलक्या आवाजात "हां, हां" करत होते. बैलाला चढावर चुचकारतात तसं. पाचवा टेकला. निळा सोडला. लाल बंद केला.

आजूबाजूचे सुटे मणी थरथरत होते, फिरत होते. मध्ये पाच जणांची ओळ, जराशी वाकडी, जागच्या जागी. कॅसेट फिरत होती.

"चिकटलं की रं," सासरे म्हणाले आणि उपरण्यानं तोंड पुसायला लागले.

हा उठला. भिंतीला धरून टीव्हीपर्यंत आला, खाली बसला आणि पडद्याला नाक लावलं. डोळे इकडून तिकडं फिरवले. मान वळवली, परत सरळ केली. बराच वेळ. मग म्हणाला, "मी जिथं बघतो तिथं न्हाईत. बाजूला लई हायत."

मी त्याचं बोट धरलं आणि पडद्यावर एकेका मण्यावर टेकवलं. काच गुळगुळीत. त्याला काय कळणार होतं त्यातून? पण तो मोजत गेला.

गाईडनी कॅसेट बघून सही केली. मोठं काम केलंत म्हणाले. प्रबंध सादर झाला. शेवटचं प्रकरण तो सांगत गेला आणि मी लिहिलं. संस्थेत मुलाखत झाली. तोंडी सगळं त्याला येत होतं, अध्यक्ष खूश झाले, त्याची निवड झाली. जूनची ऑर्डर निघाली, आणि ऑर्डरच्या खाली नेहमीची ओळ होती: सरकारी डॉक्टरचा शारीरिक पात्रतेचा दाखला जोडावा.

दाखला द्यायला जे डॉक्टर होते ते म्हातारे, सावकाश बोलणारे. रांगेत पोलीस भरतीची पोरं होती. यानं नवा शर्ट घातला होता. डॉक्टरांनी लांब भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडं बोट केलं. यानं सगळ्यात वरचं, ताटाएवढं अक्षर सांगितलं. पुढच्या ओळीला थांबला. मान वळवली.

"सर, इकडं बघा. तक्त्याकडं," डॉक्टर म्हणाले.

"तक्त्याकडंच बघतोय."

त्यांनी त्याला बसवलं, बॅटरीनं डोळे बघितले आणि हे कशानं झालं ते विचारलं. मग हा सांगत सुटला. उजेड कसा ओढतो, सीडी रायटर, दातांचं औषध, प्रमाण किती, पाचवा मणी कसा दमवून गेला. हातांनी दाखवत होता. रांगेतली पोरंसुद्धा ऐकायला लागली. डॉक्टरांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाले, "बीडमध्ये बसून केलंत हे? कमाल हाय, सर." आणि खाली मान घालून लिहायला लागले. अपंगांसाठीच्या जागा वेगळ्या निघतात, त्यांची जाहिरात वेगळी असते, असं त्यांनी मला समजुतीनं सांगितलं. कागद याच्या हातात दिला.

बाहेर लिंबाच्या झाडाखाली यानं तो कागद माझ्यापुढं धरला. "वाच."

मी वाचला. सगळा वाचला, नाव, वय, उंची, वजन, छाती. आवाज चढवलाही नाही की उतरवलाही नाही. शाळेत गणित घालते तसा वाचला. शेवटचा शब्द होता अपात्र, तोही वाचला.

त्यानं कागदाची घडी केली, ती जमेना, मी करून दिली. खिशात ठेवली. मग माझ्या खांद्यापलीकडं बघत, म्हणजे माझ्या तोंडाकडं बघत, त्यानं विचारलं, "पन चिकटले व्हते ना?"

"चिकटले होते," मी म्हणाले.

"पाचही?"

"पाचही."

त्यानं मान हलवली. त्याला माझ्या शब्दावर विश्वास ठेवणं भाग होतं.